‘लक्ष नव्हतं’ लिहिण्याआधी : कारखान्यात नव्यानं सुपरवायझर झालेल्यांसाठी

तुमच्या कारखान्यात अपघाताचं रजिस्टर असेल तर ते आज काढा आणि ‘कारण’ हा रकाना वरपासून खाली वाचत जा. कामगाराचं लक्ष नव्हतं. कामगाराचा निष्काळजीपणा. कामगाराचा हलगर्जीपणा. पुन्हा लक्ष नव्हतं. शेजारच्या ‘केलेली कारवाई’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी दोनच शब्द सापडतील : समज दिली.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली. आधी फिटर, मग जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, शेवटी सुरक्षेचं काम माझ्या गळ्यात पडलं. तो रकाना मीही असाच भरलाय. त्यामुळे पुढचं सगळं उपदेश म्हणून वाचू नका. ज्याचा हात पोळलाय त्याचं सांगणं आहे एवढंच.

आमच्या डाइंग, म्हणजे रंगाईच्या, खात्यात एक हायड्रो होता. या धंद्यात नवीन असाल तर सांगतो, ओलं सूत किंवा टॉवेल पिळायचं ते मोठं गोल यंत्र. आत भोकाभोकांची स्टीलची टोपली गरगर फिरते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. बटण बंद केलं तरी टोपली लगेच थांबत नाही. म्हणून झाकणाला इंटरलॉक असतो, टोपली पुरती थांबल्याशिवाय झाकण उघडू नये यासाठी. एका रात्रपाळीत हेल्पर पोरानं झाकण उघडून आत हात घातला. टोपली फिरत होती. टॉवेलानं हात ओढून घेतला, हाड दोन ठिकाणी मोडलं. मी रजिस्टरात लिहिलं, लक्ष नव्हतं.

आठ महिन्यांनी त्याच हायड्रोवर, दुसऱ्याच माणसाचा हात गेला. हा पहिल्यासारखा कच्चा नव्हता, बारा वर्षांचा अनुभवी होता. तेव्हा कुठे मी वाकून यंत्राकडे बघितलं. इंटरलॉकचा स्विच पाण्यानं गंजून सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून कोणीतरी तो तारेनं बांधून टाकला होता. नवा स्विच मागवलेला, आलेला नव्हता. ब्रेकचं लायनर घासून गेलं होतं, त्यामुळे टोपली थांबायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागायचा. पुढचा ड्रायर माल मागत उभा आणि मास्तर ओरडत उभा. वर जुन्या चोकची ट्यूबलाइट होती. अशा लुकलुकणाऱ्या उजेडात फिरती वस्तू कधी कधी थांबल्यासारखी दिसते. फिटर असून हे मला तोवर सुचलं नव्हतं.

सांगा आता, लक्ष कोणाचं नव्हतं?

पहिली पायरी : लेखणी जरा थांबवा

अपघात झाला की पहिल्या तासात लोक कारण सांगून मोकळे होतात. ते लिहून घ्या, पण ‘कारण’ या रकान्यात लिहू नका. वेगळ्या कागदावर ‘लोक काय म्हणतात’ असं शीर्षक देऊन लिहा. माणूस चुकला हे खरंच असतं, पण तिथून चौकशी सुरू होते. तिथेच ती संपवली तर तोच अपघात नाव बदलून परत येतो.

जेम्स रीझन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. चुका कशा घडतात यावरचं त्यांचं 1990 चं काम जगभर वापरलं जातं. त्यांचं चित्र चीजच्या चकत्यांचं आहे. कारखान्यातला प्रत्येक बंदोबस्त, म्हणजे गार्ड, नियम, प्रशिक्षण, सुपरवायझर, ही एकेक चकती. प्रत्येकीला भोकं आहेत. एरवी एकीचं भोक दुसरी झाकते. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार निघतो. आपल्याकडे तसलं भोकाचं चीज कोण बघायला गेलंय? जाळीदार डोसे एकावर एक ठेवलेले डोळ्यासमोर आणा, काम भागतं. आमच्या हायड्रोवर पाच डोशांची भोकं जुळली होती आणि मी फक्त शेवटच्यावर, हात घालणाऱ्यावर, बोट ठेवलं होतं.

दुसरी पायरी : चूक कोणत्या जातीची, ते ओळखा

हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून इथे वेळ घेतो. औषध जातीप्रमाणे बदलतं. सगळ्यांना एकच काढा, म्हणजे ‘समज दिली’, देऊन उपयोग नाही.

हात चुकणं. माणसाला काय करायचं ते पक्कं माहीत असतं, हात दुसरीकडे जातो. आमच्या वार्पिंग मशीनवर, म्हणजे ताणा गुंडाळायच्या यंत्रावर, जॉग (थोडंसंच फिरवायचं) आणि रन (सलग चालवायचं) ही दोन बटणं शेजारी शेजारी होती, दोन्ही हिरवी, दोन्ही गोल. तुटलेला धागा जोडून झाल्यावर भीम, म्हणजे ताण्याचा मोठा रूळ, थोडा पुढे सरकवायला जॉग दाबायचं, तिथे रन दाबलं जायचं. अशी चूक नवख्यापेक्षा जुना माणूस जास्त करतो, कारण त्याचे हात सवयीनं चालतात आणि डोकं दुसऱ्या कामात असतं. त्याला पुन्हा ट्रेनिंगला बसवणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओळखायला शिकवणं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांऐवजी, चाकंच वर घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंद व्हायची. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. त्यानं एकाला छोटं रबरी चाक चिकटवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा आकार दिला. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते. आम्ही रन बटणाभोवती लोखंडी कडं वेल्ड केलं, म्हणजे मुद्दाम बोट आत घालावं लागेल, आणि जॉग पिवळं केलं. खर्च चहापाण्याएवढा. वैमानिकांना किती मेमो दिले असते तरी जे झालं नसतं, ते एका रबरी चाकानं झालं.

विसर पडणं. गार्ड काढला, ग्रीस दिलं, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, परत आला आणि गार्ड न लावताच मशीन चालू. पाना आतच राहिला, तोही याच जातीचा. यावर विमानदुरुस्तीवाल्यांचा एक नियम मी उचललाय : काम मधेच सुटलं तर परत आल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन तिथून सुरू करा. दुसरा उपाय, काढलेले नटबोल्ट खिशात न ठेवता लाल ट्रेमध्ये ठेवायचे आणि तो ट्रे स्टार्टरच्या समोर टांगायचा. ट्रे भरलेला दिसला की बटणाकडे हात जात नाही.

समज चुकणं. इथे माणूस पूर्ण लक्ष देऊन, मन लावून चुकीचं काम करतो. सोलापूरचं अगदी ओळखीचं उदाहरण घ्या. लाइट गेली, माग थांबले. कामगार म्हणतो, चला, तेवढ्यात झाडून घेऊ. ब्रश घेऊन मागात शिरतो. लाइट येते. स्टार्टर धड असेल तर लाइट गेल्यावर आतली नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय माग चालू होत नाही. पण बटण काडी घालून अडकवलेलं असेल, आणि बऱ्याच शेडमध्ये तसं असतं, तर माग आपोआप सुरू होतो. कामगाराच्या डोक्यात ‘थांबलेलं म्हणजे बंद’. तुम्हाला त्याच्या डोक्यात हे बसवायचंय की मेन स्विच खाली, फ्यूज खिशात, मगच हात आत. आणि ती काडी तुम्ही स्वतः काढायची.

रसायनांच्या कॅनचंही तेच. कॉस्टिक आणि पेरॉक्साइड दोन्ही सारख्याच निळ्या कॅनमध्ये येतात, लेबल ओलं होऊन गळतं. कॅन ज्याच्या हातात आहे तो वासावरून ओळखायचा प्रयत्न करतो. कॅनच्या मानेला रंगीत पट्टी बांधा, आणि दोन्ही एका कोपऱ्यात ठेवू नका.

नियम मोडणं. ही चौथी जात, आणि आपण सगळ्यांत आधी हिच्यावर घसरतो. इथे एकच प्रश्न विचारा : हा एकटा मोडतो की सगळे मोडतात? सगळेच मोडत असतील तर दोष नियमात किंवा हिशेबात आहे. पीसवर मजुरी असलेल्या माणसाला टोपली थांबेपर्यंत दर घाण्याला उभं राहायला सांगता, तेव्हा त्याच्या खिशातून वेळ कापता. इंटरलॉक तारेनं बांधणारा वेडा नव्हता. त्याला माल काढायचा होता, आणि तो माल निघाला तेव्हा आम्ही शाबासकी दिली होती. ती तार मीही येता-जाता बघितली होती, हे इथे कबूल करतो.

मुद्दाम, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करता करणाराही एखादा निघतो. दारू पिऊन बॉयलरवर आलेल्याला घरीच पाठवायचं, त्याला समजून घेत बसू नका.

तिसरी पायरी : पहाटे तीनला शेडमध्ये जा

ऑफिसात बसून काम कसं व्हायला हवं ते कळतं, कसं होतं ते कळत नाही. पहिल्या महिन्यात किमान दोन रात्री जा. तपासणीला आल्यासारखं नको. डबा घेऊन जा, शेंगाचटणी-भाकरी मध्ये ठेवा, बसा. लोक पहिला तासभर नियमानं काम करतील, मग विसरतील तुम्ही आहात ते. तेव्हा बघा.

रात्री तीन ते पाच या वेळात शरीर झोपेसाठीच तयार झालेलं असतं. इच्छाशक्तीनं ते फार बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली मोजून दाखवलं की सतत सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हातडोळे रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चालतात. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. आता हिशेब करा. सकाळी दहाला उठलेला माणूस, दिवसभर घरची कामं, रात्री आठला बारा तासांची पाळी. पहाटे तीनला त्याचे सतरा तास भरले. थेंबही न पिता तो अशा अवस्थेत तुमच्या कॅलेंडरच्या, म्हणजे कापड दाबायच्या यंत्राच्या, रोलरसमोर उभा आहे, आणि तुम्ही म्हणताय, ‘काय बे, झोपला का?’

म्हणून धोक्याची कामं, बेल्ट बदलणं, रसायन ओतणं, बॉयलरची डागडुजी, तीन ते पाचमध्ये ठेवू नका. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे फिरवा. उलट फिरवल्या तर झोप लवकर बसत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाठ टेकायला दिली तर कारखाना बुडत नाही. मालकाला हे पटवणं अवघड जातं. मला दोन वर्षं लागली, आणि शेवटी पटलं ते खराब मालाचे पहाटेचे आकडे दाखवल्यावर. हाताच्या हाडापेक्षा सेकंड क्वालिटीचा ढीग लवकर दिसतो, काय करणार.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातं, आणि सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ द्यायच्या खात्याच्या, वाफेत त्याहून वाईट. घामानं डोळे चुरचुरतात, चष्मा काढला जातो, डोकं जड होतं. दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, आणि पाण्याचा माठ कामाच्या जागेपासून चार पावलांवर. लांब ठेवला तर कोणी जात नाही. गड्ड्याच्या जत्रेत आणि लग्नसराईतही जास्त डोळ्यात तेल घालून बसा. माणसं कमी असतात, फोल्डिंगचा माणूस डाइंगवर उभा केला जातो, आणि ‘थोडंसंच काम आहे’ म्हणून त्याला कोणी काही सांगत नाही.

कपड्यांचंही याच फेरीत बघून घ्या. फिरत्या रोलरजवळ हातमोजे घालायला सांगणं हा शहाणपणा नाही, मोजा अडकतो आणि बोटं घेऊन जातो. मफलर, सैल बाही, कांडी भरणाऱ्या बायकांची ओढणी, पदर, लांब वेणी, सगळं बांधून. हे बायकांना पुरुष सुपरवायझरनं सांगण्यापेक्षा त्यांच्यातल्याच एखाद्या मोठ्या अक्कांकडून सांगितलं जावं.

चौथी पायरी : माणसाआधी यंत्र बदला

क्रम पाठ करा. धोका काढूनच टाकता येतो का? नाही, तर कमी धोक्याचं काही वापरता येतं का? नाही, तर गार्ड, इंटरलॉक, आडोसा. मग नियम आणि ट्रेनिंग. हेल्मेट, गॉगल, मास्क सगळ्यांत शेवटी. आपण नेमके उलट्या टोकानं सुरू करतो, कारण पोस्टर स्वस्त असतं. ‘सुरक्षा प्रथम’ची पाटी आमच्या हायड्रोच्या वरच होती. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, तिच्यावर हारही चढायचा.

यंत्राचे धोक्याचे भाग झाकणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे निदान 1948 च्या कारखाने अधिनियमापासून तरी कायद्यात आहे. कितीतरी लहान शेड कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, पण मागाला ते माहीत नसतं.

पाचवी पायरी : बोलता येईल असं करा

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. ‘थांब!’ ऐकू जाईल या भरवशावर राहू नका. हाताच्या खुणा ठरवा : थांब, चालू कर, मला आत जायचंय. तीन पुरेत. पण सगळ्या खात्यांत त्याच.

आणि सोलापूरची भाषा कोणती? पूर्व भागात पद्मशाली घरांत तेलुगू, दक्षिणेकडून आलेल्यांची कन्नड, कोणाची दखनी, कोणाची मराठी. सूचना मराठीत लावली की झालं असं ऑफिसला वाटतं. बरेच जण मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. चित्र लावा. आणि समजलं का असं विचारू नका, सगळे मान हलवतात. ‘आता तूच मला दाखव’ म्हणा.

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे लोक यंत्रापाशी उभे राहून बोलतील अशी दहा मिनिटं काढा. गेटवर स्कूटरला किक मारता मारता ‘सात नंबरचा ब्रेक ढिला आहे’ असं सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आता अवघड भाग. हेल्परला दिसतं की जॉबर चुकतोय. तो बोलेल? अण्णांना कोण शिकवणार! 27 मार्च 1977 ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट आदळली, 583 माणसं मेली. दाट धुकं होतं. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की समोरचं विमान अजून धावपट्टीवर नाही ना. कॅप्टन त्या कंपनीचा नावाजलेला माणूस. त्यानं ठामपणे सांगितलं की ते गेलंय, आणि इंजिनिअर गप्प बसला. आपल्या हेल्परकडून त्याहून जास्त धाडसाची अपेक्षा का करायची? ‘थांबवलं म्हणून कोणालाही बोलणार नाही’ हे तुम्ही एकदा सर्वांसमोर सांगा, आणि पहिल्याच वेळी पोरानं उगाच माग थांबवला तरी त्याला चहा पाजा. सगळं खातं तो चहा बघत असतं.

जपानी रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात. दिसायला मजेशीर आहे, पण डोळा, हात आणि तोंड तिघांनाही कामाला लावलं की हात चुकणं कमी होतं. आम्ही बॉयलरवर सुरू केलं. पाण्याच्या काचेकडे बोट, ‘पाणी अर्ध्यावर’. व्हॉल्व्हकडे बोट, ‘बंद’. पहिले पंधरा दिवस लोक हसले. नंतर हसणाऱ्यांपैकीच एकाला व्हॉल्व्ह उघडा सापडला.

सहावी पायरी : आगीच्या वेळी डोकं चालेल, असं धरून चालू नका

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्या आगीच्या कारणांबद्दल मी इथे बोलणार नाही. पण कोणत्याही शेडमध्ये धुरात काय होतं ते सांगतो. माणूस रोज ज्या दारानं येतो त्याच दाराकडे पळतो, बाजूला दुसरं दार असलं तरी. म्हणून दुसऱ्या दारानं महिन्यातून एकदा सगळ्यांना बाहेर काढा, दिवे घालवून, रात्रपाळीलाही. त्या दाराला कुलूप असेल, किंवा समोर सुताच्या गोण्या असतील, तर आजच हलवा. हे वाचून होईपर्यंतही थांबू नका.

शेवटची पायरी : ‘थोडक्यात वाचलं’ची वही

दोनशे पानी साधी वही आणा, दोरीला पेन बांधा, पाण्याच्या माठाजवळ लटकवा. नाव लिहायची सक्ती नको. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी तुम्ही लिहा. अट एकच : नोंद आली की तीन दिवसांत खाली उत्तर पडलं पाहिजे. काम झालं तर तारीख. होणार नसेल तर का नाही, ते सरळ लिहा. उत्तर न पडलेल्या वहीत पुढच्या महिन्यात क्रिकेटचे स्कोअर सापडतात, हे स्वानुभवानं सांगतो. आणि वही मालकाच्या टेबलावर नेऊन ‘बघा, इतके लोक चुकतात’ म्हणून दाखवू नका, नाहीतर तिच्यात परत कोणी काही लिहिणार नाही.

आमच्या दुसऱ्या वहीत पहिली नोंद हायड्रोचीच होती. ‘झाकणाची बिजागरी ढिली. डोक्यात पडता पडता वाचलं.’ खाली सही नव्हती, अक्षर मी ओळखलं. बारा वर्षांचा अनुभव असलेला तोच माणूस, आता डाव्या हातानं लिहीत होता. बिजागरी दुसऱ्या दिवशी दुपारपाळीत बदलली. त्या आठवड्यात आणखी चौदा नोंदी आल्या, त्यातल्या दोन तेलुगूत. त्या वाचून घ्यायला मी फोल्डिंगमधल्या पोराला बोलावलं, आणि त्यानं तिसरी तोंडीच सांगितली.